मोडीच्या वळणांतून अक्षरचित्रे

शाई आणि लेखणी यांच्या बळावर शब्दांना चित्ररूप देणारे सुलेखनकार म्हणून अच्युत पालव परिचित आहेत. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतील शिक्षणानंतर, १९८०च्या दशकाच्या प्रारंभी, या नवोदित कलावंताने शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या पुढील वाटचालीचे बीज याच अभ्यासात आहे.

बोरू फारसा न उचलता झरझर लिहिता येत असल्याने मोडी पेशव्यांच्या दफ्तरात, तसेच नागपूरकर भोसल्यांच्या कारभारात रुळली होती. मजकूर आणि जमाखर्चाचे आकडे एकाच लेखणीतून उतरत. पाव, अर्धा, पाऊण दर्शविण्यासाठी उभ्या रेघांच्या खुणा असत. छपाईला बाळबोध सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली.

मोडीची गोलाई व लय देवनागरीशी जोडून पालव यांनी ‘मुक्तलिपी’ घडविली. तीत अक्षर केवळ अर्थ सांगत नाही. त्याची जाडी, झोक आणि भोवतीची मोकळी जागा यांतून चित्र उभे राहते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या अक्षरचित्रांमुळे मोडीचे सौंदर्य नव्या पिढीपर्यंत पोहोचले. तथापि, जुन्या सनदा, वंशावळी व जमिनीच्या नोंदी वाचण्यासाठी आजही मोडीचे जाणकार शोधावे लागतात. म्हणूनच मोडीची वळणे गिरविणाऱ्या होतकरू कलावंताने ती वाचावयासही शिकणे अगत्याचे आहे.