राखीव जागांचा त्याग आणि सदसद्विवेकबुद्धीचा हक्क

भारताच्या राज्यघटनेची चर्चा निघाली की आपण ख्रिस्ती लोक बहुधा अनुच्छेद २५ आणि ३० यांचा उल्लेख करतो. हे हक्क आपल्याला मोलाचे वाटतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या संविधान सभेने हे हक्क मान्य केले, तिच्याच काळात ख्रिस्ती प्रतिनिधींनी स्वेच्छेने काय सोडून दिले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. श्रद्धा आणि शासन यांच्यातील नाते समजून घेण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे आवश्यक आहे.

राखीव जागांचा प्रश्न

१९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ ठेवले होते. संविधान सभेने १९४७ साली स्वतंत्र मतदारसंघांची पद्धत नाकारली. मात्र काही अल्पसंख्याक समाजांसाठी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचे ठरविले. ख्रिस्ती समाजाला अशा जागा केंद्रात तसेच मद्रास आणि मुंबई या प्रांतांत मिळणार होत्या.

मे १९४९ मध्ये हा निर्णय बदलला. सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत राखीव जागा रद्द करण्याचा ठराव मांडला तो डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी. ते बंगालमधील ख्रिस्ती नेते आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष होते. मद्रासचे प्रतिनिधी, येशूसंघीय धर्मगुरू फा. जेरोम डिसोजा यांनीही या भूमिकेला पाठिंबा दिला. धर्माच्या नावाने मिळणाऱ्या जागांपेक्षा सर्व नागरिकांना समान लेखणारा कायदा हाच अल्पसंख्याकांचा खरा आधार, असा विश्वास या निर्णयामागे होता.

पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हेच तत्त्व सांगितले. नागरी सत्तेने देऊ केलेल्या विशेषाधिकारांवर ख्रिस्तसभा आपली आशा ठेवत नाही. तिची मागणी आहे ती सुवार्ता सांगण्याच्या मोकळिकीची.

‘प्रसार’ या एका शब्दासाठी

विशेषाधिकार सोडणाऱ्या या समाजाने एका गोष्टीचा आग्रह मात्र कधीच सोडला नाही. धर्म प्रकट करणे आणि आचरणे यांच्याबरोबर त्याचा ‘प्रसार’ करण्याचा हक्कही घटनेत असावा, अशी त्याची मागणी होती. समितीच्या पातळीवर हा मुद्दा मांडणाऱ्यांत मद्रासचे कॅथलिक विद्वान प्रा. एम. रत्नस्वामी प्रमुख होते.

डिसेंबर १९४८ मध्ये या शब्दावर सभागृहात वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला. बाजूने बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी हे हिंदू सदस्य होते. आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला धर्मांतरित करण्याचा प्रयत्न कोणीही केला नाही, असे कृष्णम्माचारी यांनी सांगितले. आपल्या शाळांच्या प्रामाणिक सेवेची साक्ष अशा रीतीने दुसऱ्या धर्माच्या माणसाने दिली आणि तो शब्द घटनेत राहिला.

अनुच्छेद २५ केवळ नागरिकांपुरता नाही, तो सर्व व्यक्तींना लागू आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे आणि ती आम्हांला मान्य आहे. बळजबरीने किंवा आमिषाने कोणालाही श्रद्धेकडे ओढू नये, असे विश्वपरिषदेनेही मिशनकार्याविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट बजावले आहे.

सत्तेला मर्यादा हवी

कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्यावे, ही प्रभू येशूची शिकवण (मत्तय २२:२१) सर्वपरिचित आहे. तिचा एक अर्थ असा, की कैसराला देणे असले तरी सर्वच काही त्याचे नाही. संत पौल अधिकाऱ्यांचा मान राखण्यास सांगतात (रोम १३), तर संत पेत्र आणि इतर प्रेषित मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा पाळण्यास सांगतात (प्रेषितांची कृत्ये ५:२९). पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात शिकविले, की जे काम कुटुंब किंवा लहान संस्था करू शकतात ते वरिष्ठ सत्तेने बळकावू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली कायद्याच्या राज्याचे आणि सत्ताविभाजनाचे समर्थन केले.

आपल्या देशातही सत्तेच्या मर्यादेचे हे तत्त्व न्यायालयाने जपले आहे. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असा निर्णय २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. बहुमत सातास सहा असे निसटते होते. दोनच वर्षांनी आलेल्या आणीबाणीने या मर्यादेची गरज सर्वांना पटवून दिली.

न्यायालयाचे सर्वच निर्णय आपल्या मनासारखे झाले असे नाही. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओरिसा येथील धर्मांतरविषयक कायदे वैध ठरविले. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे त्या निर्णयात म्हटले. मुंबईचे थोर घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी या निर्णयावर कठोर टीका केली. आम्हांलाही वाटते, की ऐकणाऱ्याला आपला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर सांगणाऱ्याच्या स्वातंत्र्याला फारसा अर्थ उरत नाही. उलट १९८६ साली केरळमधील तीन मुलांना त्याच न्यायालयाने न्याय दिला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत; म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. अत्यंत लहान गटाच्या सदसद्विवेकबुद्धीलाही घटना जपते, हे त्यावेळी सिद्ध झाले.

आपले कर्तव्य

१९४९ च्या त्यागाने आपल्यावर एक जबाबदारी टाकली आहे. आपण संख्येचा आधार घेतला नाही, कायद्याचा घेतला. म्हणून कायदा दुबळा झाला तर आपल्यापाशी दुसरा आसरा नाही. कोणताही पक्ष, मग तो आज आपल्याशी कितीही गोड बोलो, घटनेची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या समाजावर अन्याय होताना आपण गप्प राहिलो, तर आपल्या हक्कासाठी बोलण्याचे नैतिक बळ आपण गमावून बसू.

धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात सामान्यतः सक्रिय भाग घेऊ नये, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. त्यामुळे ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतचे हे क्षेत्र मुख्यतः प्रापंचिकांचे आहे. मतदार यादीत नाव असणे, विचारपूर्वक मतदान करणे आणि मुलांना घटना वाचून दाखविणे ही साधी कामे आहेत. २६ नोव्हेंबर या संविधान दिनी प्रत्येक धर्मग्रामात उद्देशिकेचे वाचन व्हावे आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना व्हावी. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी राजकारण्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलेले संत थॉमस मोर आपणां सर्वांसाठी विनंती करोत.