खासगी विद्यापीठाची मेरिट स्कॉलरशिप: पत्रातील टक्के आणि नियमावलीतील अटी

बारावीचा किंवा सीईटीचा निकाल लागला की अनेक घरांत खासगी विद्यापीठांचे ई-मेल येऊ लागतात. ‘अभिनंदन, आपल्याला ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप मंजूर झाली आहे’ असा मजकूर असतो आणि काही दिवसांत प्रवेश निश्चित करण्याची सूचना असते. ही सवलत खरी असते, पण ती बहुतेक वेळा सशर्त असते. त्या अटी पत्रात एका ओळीत आणि नियमावलीत काही पानांत लिहिलेल्या असतात. चार वर्षांचा खर्च ठरतो तो या पानांवरून.

मेरिट स्कॉलरशिप म्हणजे नेमके काय?

सरकारी शिष्यवृत्तीत शासन विद्यार्थ्याच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यात पैसे जमा करते. खासगी विद्यापीठाच्या मेरिट स्कॉलरशिपमध्ये सहसा असे पैसे हातात येत नाहीत. विद्यापीठ स्वतःच्याच शुल्कातून ठरावीक रक्कम कमी करते. म्हणजे व्यवहारात ती फी-सवलत असते. किती विद्यार्थ्यांना द्यायची, कोणत्या शाखेला द्यायची आणि कोणत्या अटीवर चालू ठेवायची, हे विद्यापीठच ठरवते.

तिचे साधारण तीन प्रकार दिसतात. 
- प्रवेशावेळची गुणवत्ता सवलत: बारावीचे गुण, जेईई किंवा सीईटीचे पर्सेंटाइल, किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा यांवर आधारलेली. 
- वर्षागणिक गुणवत्ता सवलत: विद्यापीठातील मागील सत्राच्या किंवा वर्षाच्या निकालावर मिळणारी. 
- गुणवत्ता आणि गरज यांची सांगड: यात गुणांबरोबर कुटुंबाचे उत्पन्नही पाहिले जाते आणि उत्पन्नाचा दाखला किंवा प्राप्तिकर विवरणपत्र मागितले जाते.

पत्रात यांपैकी कोणता प्रकार आहे, हे आधी ओळखावे लागते. पहिल्या प्रकारात काही ठिकाणी सवलत फक्त पहिल्या वर्षापुरती असते. ‘पूर्ण अभ्यासक्रमासाठी’ असे शब्द लेखी नसतील, तर ती पुढे चालू राहील असे गृहीत धरता येत नाही.

५० टक्के, पण कशाचे?

बहुतेक नियमावलींत सवलत केवळ शिक्षण शुल्कावर असते. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, अनामत, गणवेश, बस आणि विकास शुल्क यांवर ती लागू नसते.

समजा, एका अभ्यासक्रमाचे वर्षाचे शिक्षण शुल्क ३,००,००० रुपये आहे, वसतिगृह व मेसचे १,४०,००० रुपये आणि इतर शुल्क २०,००० रुपये आहे. एकूण खर्च ४,६०,००० रुपये. शिक्षण शुल्कावर ५० टक्के सवलत म्हणजे १,५०,००० रुपये कमी. कुटुंबाला ३,१०,००० रुपये भरावे लागतात. पत्रात ५० टक्के लिहिलेले असले, तरी एकूण खर्चातील घट सुमारे ३३ टक्केच आहे.

दुसरा मुद्दा शुल्कवाढीचा. पुढच्या वर्षी शिक्षण शुल्क ३,३०,००० रुपये झाले, तर ५० टक्के सवलतीत विद्यार्थ्याला १,६५,००० रुपये भरावे लागतील. पण सवलत ‘१,५०,००० रुपये’ अशी ठरावीक रकमेत दिलेली असेल, तर त्याला १,८०,००० रुपये भरावे लागतील. शुल्कवाढीचा सगळा भार मग कुटुंबावर पडतो. त्यामुळे सवलत टक्क्यांत आहे की रकमेत, हे पाहणे गरजेचे असते.

दुसऱ्या वर्षी सवलत का जाते?

सवलत चालू ठेवण्यासाठी किमान सीजीपीएची अट घातली जाते. ही अट वाचायला सोपी वाटते, पण ती कशी मोजली जाते यावर बरेच अवलंबून असते.

यूजीसीच्या १० अंकी श्रेणी पद्धतीत सर्वोच्च ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६ आणि नापास झाल्यास ० गुणांक मिळतो. प्रत्येक विषयाचा गुणांक त्या विषयाच्या क्रेडिटने गुणून सरासरी काढली जाते.

समजा, अट ८ सीजीपीएची आहे आणि दोन्ही सत्रे २० क्रेडिटची आहेत. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला ८.४ आणि दुसऱ्यात ७.५ मिळाले. सरासरी ७.९५ येते. फरक फक्त ०.०५ चा आहे, पण अट पूर्ण होत नाही. नियमावलीत गुण पूर्णांकात धरण्याची तरतूद नसेल, तर सवलत जाते.

केटी लागली तर परिणाम आणखी मोठा असतो. २० क्रेडिटपैकी १६ क्रेडिटच्या विषयांत ९ गुणांक आणि ४ क्रेडिटच्या एका विषयात नापास, अशा स्थितीत त्या सत्राची सरासरी ७.२ येते. नंतर तो विषय सुटला तरी ‘पहिल्याच प्रयत्नात सर्व विषय उत्तीर्ण’ अशी अट असेल, तर सवलत परत मिळत नाही.

काही विद्यापीठांत किमान गुणांऐवजी क्रमांकाची अट असते, उदाहरणार्थ वर्गातील पहिले काही टक्के विद्यार्थी. ही अट अधिक कठीण असते. एखाद्या शाखेत बरेच विद्यार्थी मेरिटवरच आलेले असतील, तर त्यांची स्पर्धा एकमेकांशी असते आणि सगळेच पहिल्या १० टक्क्यांत येऊ शकत नाहीत. सापेक्ष श्रेणी पद्धत असेल तर चांगले गुण मिळूनही श्रेणी खाली येऊ शकते.

गुणांखेरीज पुढील अटीही वारंवार आढळतात: 
- किमान हजेरी, 
- शिस्तभंगाची कारवाई झालेली नसणे, 
- शाखा बदलल्यास सवलत रद्द, 
- मधे एक सत्र किंवा वर्ष सोडल्यास सवलत रद्द, 
- शुल्क ठरलेल्या तारखेच्या आत न भरल्यास सवलत रद्द, 
- अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास आधी दिलेली सवलत परत करणे.

वरच्याच उदाहरणात सवलत चारही वर्षे टिकली, तर शुल्क न वाढता एकूण खर्च १२,४०,००० रुपये होतो. पहिल्या वर्षानंतर ती गेली, तर तोच खर्च १६,९०,००० रुपये होतो. ४,५०,००० रुपयांचा हा फरक दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला समोर येतो. तेव्हा दुसरीकडे प्रवेश घेण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. शैक्षणिक कर्ज सवलत धरून कमी रकमेचे मागितले असेल, तर वाढीव कर्जासाठी पुन्हा बँकेत जावे लागते.

खासगी महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ यांत फरक काय?

बोलताना दोन्हींना ‘प्रायव्हेट कॉलेज’ म्हटले जाते, पण शिष्यवृत्तीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. महाराष्ट्रात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. 
- सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न विनाअनुदानित महाविद्यालय, उदाहरणार्थ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये. 
- राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ, उदाहरणार्थ पुण्यातील एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटी किंवा नाशिकचे संदीप युनिव्हर्सिटी. 
- यूजीसी कायदा १९५६ च्या कलम ३ नुसार दर्जा मिळालेले खासगी अभिमत विद्यापीठ, उदाहरणार्थ सिम्बायोसिस किंवा भारती विद्यापीठ.

राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के लाभ मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ देण्यात आला. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यात बसत नाहीत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या निर्णयातून वगळलेली आहेत.

याचा अर्थ असा: इतर मागास वर्गातील, ६ लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलीला कॅपमधून संलग्न महाविद्यालय मिळाले, तर तिचे शिक्षण शुल्क माफ होऊ शकते. इतर शुल्क तेवढे भरावे लागते. तीच मुलगी ३,००,००० रुपये शिक्षण शुल्काच्या खासगी विद्यापीठात ५० टक्के मेरिट सवलतीवर गेली, तर चार वर्षांत ६,००,००० रुपये केवळ शिक्षण शुल्काचे भरावे लागतात, तेही सवलत टिकली तर. अभ्यासक्रम, प्रयोगशाळा किंवा नोकरीच्या संधी पाहून विद्यापीठ निवडणे योग्य ठरू शकते, पण तुलना या दोन आकड्यांची व्हायला हवी.

अनुसूचित जाती-जमाती व इतर प्रवर्गांच्या योजनांचे नियम वेगवेगळे आहेत. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करताना संस्था आणि अभ्यासक्रम यादीतून निवडावे लागतात. आपली संस्था त्या योजनेच्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहून घेता येते.

दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येतात का?

अनेकदा नाही. केंद्र सरकारची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती हे त्याचे उदाहरण. बारावीत आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पदवीची पहिली तीन वर्षे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. मात्र दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणारा विद्यार्थी यात पात्र ठरत नाही.

विद्यापीठाच्या नियमावलीतही ‘एका वेळी एकच सवलत’ असे कलम सहसा असते. मेरिट, क्रीडा, भावंड आणि माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांची सवलत या चारही लागू होत असल्या, तरी मिळते ती त्यांपैकी एकच, बहुधा सर्वांत मोठी.

आधी प्रवेश घेतला आणि नंतर कॅपमध्ये नंबर लागला तर?

खासगी विद्यापीठांचे प्रवेश बरेचदा कॅपच्या फेऱ्यांआधी सुरू होतात. ‘स्कॉलरशिप अमुक तारखेपर्यंतच’ असे सांगितले गेल्याने पालक जागा धरून ठेवतात. अशा वेळी यूजीसीचे शुल्क परताव्याचे नियम उपयोगी पडतात. २०२४-२५ साठीच्या धोरणानुसार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत करणे बंधनकारक होते. तारखा त्या त्या वर्षासाठी जाहीर होतात, त्यामुळे चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे लागते. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

कबूल केलेली सवलत मिळाली नाही तर?

यूजीसीच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ नुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. संस्थेने कबूल केलेली शिष्यवृत्ती न देणे किंवा उशिरा देणे, तसेच माहितीपुस्तिकेत दिशाभूल करणारी माहिती देणे, या बाबी तक्रारीच्या व्याख्येत येतात. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते.

तक्रार टिकते ती कागदावर. समुपदेशकाने फोनवर दिलेला शब्द, जाहिरातीतील ओळ आणि सही-शिक्क्याचे मंजुरीपत्र यांचे वजन सारखे नसते. प्रवेश घेतला त्या दिवशीची नियमावली, मंजुरीपत्र, शुल्क तक्ता आणि पावत्या जपून ठेवाव्यात. संकेतस्थळावरील नियमावली पुढच्या वर्षी बदलू शकते.

शुल्क भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पुढील प्रश्नांची उत्तरे ई-मेलवर, लेखी घेणे चांगले: 
- सवलत एका वर्षासाठी आहे की पूर्ण अभ्यासक्रमासाठी? 
- ती शिक्षण शुल्कावर आहे की एकूण शुल्कावर? टक्क्यांत की ठरावीक रकमेत? 
- ती चालू ठेवण्यासाठी किती सीजीपीए लागतो, आणि तो सत्राचा की आतापर्यंतचा एकत्रित? 
- केटी लागल्यास काय होते? 
- एकदा गेलेली सवलत पुढच्या वर्षी गुण सुधारल्यास परत मिळते का? 
- मागील तुकडीतील किती विद्यार्थ्यांची सवलत दुसऱ्या वर्षी चालू राहिली? 
- दरवर्षी शुल्कवाढ किती होते आणि तिला मर्यादा आहे का? 
- इतर शिष्यवृत्तीबरोबर ही घेता येते का?

यानंतर घरी एक साधा हिशेब करावा: सवलत पहिल्या वर्षानंतर थांबली, तर उरलेल्या वर्षांचे पूर्ण शुल्क भरणे जमेल का? जमत असेल, तर मेरिट स्कॉलरशिप हा खरा फायदा आहे. जमत नसेल, तर त्या प्रवेशाचा सगळा भार विद्यार्थ्याच्या प्रत्येक सत्राच्या निकालावर राहतो, हे ओळखूनच निर्णय घ्यावा लागतो.