माध्यमभाषा आणि चित्रण

माध्यमभाषा आणि चित्रण : मासिकाच्या पानावर किंवा व्हिडिओत एखादी व्यक्ती, समाजगट वा घटना ज्या रूपात दिसते, ते रूप अनेक निवडींमधून घडवलेले असते. या निवडी तपासणारी अभ्यासपद्धती. मथळा, छायाचित्राची काटछाट, रंगछटा, अक्षरवळण ही छापील पानाची साधने. कॅमेऱ्याचा कोन, संकलन, ध्वनी, निवेदन ही व्हिडिओची.

पद्धतीचा पाया चिन्हमीमांसेत, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा मिळतो याच्या अभ्यासात आहे. ‘पारी माच’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या १९५५ मधील एका मुखपृष्ठावर सैनिकी गणवेशातला कृष्णवर्णीय मुलगा सलाम करताना दिसतो. एवढ्याशा चित्रातून ‘सर्व वर्णांची प्रजा साम्राज्याशी एकनिष्ठ आहे’ हा संदेश न बोलता कसा पोहोचतो, हे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये उलगडले. वाचक असा संदेश मान्य करतो, अंशतः मानतो किंवा धुडकावतो, ही बाजू संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडली.

अभ्यासकाच्या हाती सर्वांत उपयोगी साधन तुलनेचे. एकच निवड बदलून पाहावी, अर्थ बदलला तर तो तिथे घडत होता असे समजावे. अशी तुलना २७ जून १९९४ च्या अंकांनी आयती पुरवली. माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांना दुहेरी खुनाच्या आरोपावरून अटक झाली होती. ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी लॉस एंजेलिस पोलिसांनी काढलेला तोच फोटो मुखपृष्ठावर घेतला. ‘न्यूजवीक’ने तो जवळपास जसाच्या तसा छापला. ‘टाइम’साठी चित्रकार मॅट महुरिन यांनी त्यावर काम केले : त्वचा गडद झाली, कडा काळोखात गेल्या, कैदी-क्रमांकाची पाटी लहान झाली. शब्द मात्र उलट दिशेचे होते. ‘न्यूजवीक’चा मथळा रक्ताच्या मागाविषयी, तर ‘टाइम’चा अमेरिकी शोकांतिकेविषयी, म्हणजे तुलनेने हळवा. तरी वाचकांच्या मनावर ठसला तो काळवंडलेला चेहरा. खटला उभा राहण्याआधीच कृष्णवर्णीय माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या जुन्या प्रतिमेला या अंकाने बळ दिले, ही टीका रास्त होती. वांशिक हेतू नव्हता, असा खुलासा संपादक जेम्स गेन्स यांनी पुढच्या अंकात केला. हेतू कोणताही असो, अर्थ पानावर घडला होता. विश्लेषणाने तोच पाहायचा असतो.

व्हिडिओ हलता असल्यामुळे अधिक विश्वासार्ह वाटतो. कृष्णवर्णीय मोटारचालक रॉडनी किंग यांच्या प्रकरणाने त्या विश्वासाची कसोटी पाहिली. ३ मार्च १९९१ रोजी मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसमध्ये पोलीस किंग यांना दंडुक्यांनी मारत असताना जॉर्ज हॉलिडे यांनी घराच्या सज्जातून चित्रीकरण केले. दूरचित्रवाणीवर ते जगभर पाहिले गेले आणि मारहाण निर्विवाद वाटली. चार पोलिसांवर खटला चालला, तेव्हा न्यायालयात बचाव पक्षाने तीच फीत एकेक चौकट थांबवून दाखवली. सलग मारहाणीचे सुटे सुटे फटके झाले, प्रत्येक फटका स्वतंत्र निर्णय ठरला. पोलिसी बळाच्या वापराचा तज्ज्ञ पडद्यावर बोट ठेवून जमिनीवर पडलेल्या किंग यांची बारीकशी हालचालही प्रतिकार म्हणून वाचून दाखवत होता. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने चारही पोलिसांना, एका आरोपावर एकमत न झाल्याचा अपवाद वगळता, निर्दोष ठरवले. त्यानंतर शहरात दंगल उसळली. भाषा-मानवशास्त्रज्ञ चार्ल्स गुडविन यांनी १९९४ च्या शोधनिबंधात या साक्षीचे विश्लेषण केले. चौकटीतला कोणता तपशील पुढे आणायचा, त्याला कोणत्या नावाने संबोधायचे आणि हे सांगण्याचा अधिकार कोणाला, या तीन गोष्टींनी दृश्याचा अर्थ ठरला, असे त्यांनी दाखवले.

त्या पहिल्या खटल्यात खुद्द किंग यांची साक्ष झालीच नाही. त्याच पोलिसांवरील १९९३ च्या संघीय खटल्यात ते ज्यूरीसमोर बोलले. त्यात चौघांपैकी दोघे दोषी ठरले.