डिकीतली फळी वाकली? नवी कशाची करावी?

गाडीच्या डिकीत गालिचा उचलला की खाली एक फळी दिसते आणि तिच्याखाली स्टेपनी. कंपनीने दिलेली ही फळी बऱ्याच गाड्यांत लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पातळ हार्डबोर्डची असते. काही गाड्यांत दोन पातळ थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असते. दोन्ही प्रकार हलके असतात आणि प्रवासी बॅगांपुरते ठीक चालतात. पण २५ किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या किंवा आंब्याच्या पेट्या नेहमी ठेवल्या की फळी मधोमध खचू लागते. त्यात पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि डिकीच्या रबरातून झिरपणारं पाणी. हार्डबोर्डची फळी एकदा फुगली की वाळवूनही पूर्ववत होत नाही.

अशा वेळी बहुतेकांना आधी लोखंडी पत्रा आठवतो. इथेच गफलत होते. डिकीची फळी सहसा तुटून निकामी होत नाही, ती वाकून निकामी होते. म्हणजे प्रश्न ताकदीपेक्षा ताठपणाचा आहे. आणि ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की तीच फळी आठपट ताठ होते.

एक मीटर लांब आणि ७५ सेंमी रुंद फळीचं उदाहरण घेऊ. २ मिमी लोखंडी पत्र्याचं वजन होईल सुमारे १२ किलो. ३ मिमी ॲल्युमिनियमचं सुमारे ६ किलो. १२ मिमी प्लायवुडचं वजनही साधारण ६ किलोच भरतं, पण ते त्या ॲल्युमिनियमपेक्षा निदान चारपट ताठ असतं. लोखंडी पत्रा तर दुप्पट वजन घेऊनही प्लायच्या जवळपास पोहोचत नाही. शिवाय खड्ड्यातून जाताना पत्रा खडखडतो तो वेगळाच. ॲल्युमिनियमची नक्षीदार चेकर्ड प्लेट दिसते छान, पण ती वापरायचीच तर प्लायवर वरून बसवावी. घासणाऱ्या, टोकदार सामानासाठी तिचा तेवढा उपयोग आहे.

प्लाय घेताना फळीवरचा शिक्का वाचावा. ‘एमआर’ म्हणजे दमट हवा सोसणारा. दुकानात त्याला सर्रास वॉटरप्रूफ म्हणतात, पण तो वॉटरप्रूफ नाही. त्यातला युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक सततच्या पाण्याने सुटतो आणि थर उलगडतात. डिकीसाठी ‘बीडब्ल्यूआर’ किंवा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. त्यातला फिनॉलचा डिंक उकळत्या पाण्यातही टिकतो. पूर्ण ८ बाय ४ फुटांची शीट घेण्याची गरज नसते. प्लायच्या दुकानात किंवा सुताराकडे उरलेला तुकडा मिळतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड इथे नकोतच, पाण्यात त्यांचीही गत कंपनीच्या फळीसारखीच होते. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड पाण्याला दाद देत नाही, म्हणून मोह होतो. पण तो प्लायपेक्षा लवचिक असतो आणि उन्हात बंद ठेवलेली गाडी तापली की आणखी मऊ पडतो. भार ठेवून गाडी उन्हात उभी राहिली तर त्याला कायमचा बाक येऊ शकतो.

मापासाठी जुनी फळी टाकू नये, तीच साचा म्हणून ठेवावी. ती मोडली असेल तर खोक्याचा पुठ्ठा कापून आधी बसवून बघावा. कडेने ३ ते ५ मिमी मोकळी जागा सोडावी, नाहीतर फळी अडकते किंवा करकरते. प्लायच्या वरच्या थराचे रेषे, खालून आधार नसलेल्या सर्वांत लहान अंतराच्या दिशेने जातील असे ठेवावेत. फळी त्या दिशेने जास्त ताठ असते. जुनी फळी ४ मिमीची असेल तर नवी ८ मिमी वर येईल. डिकीचं दार नीट लागतं का, मागची सीट दुमडते का, हे आधी बघावं. उंची आड येत असेल तर फक्त टेकणाऱ्या कडा खालून रंध्याने उतरवाव्यात. फार जड सामान असेल तर १८ मिमीकडे वळण्याआधी १२ मिमीलाच खालून दोन पट्ट्या चिकटवाव्यात, अर्थात स्टेपनीला लागणार नाहीत अशा.

कापलेल्या कडा ही प्लायची सर्वांत कमकुवत बाजू. पाणी तिथूनच शिरतं. गालिचा चिकटवण्याआधी कडांना आणि खालच्या बाजूला ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत. हा भाग दिसत नाही म्हणून सुतार हमखास तो सोडून देतो.

फळी सुटी ठेवू नये. जोरात ब्रेक लागला की सहा किलोची फळी वरच्या सामानासकट मागच्या सीटवर आदळते. मूळ फळीचे खाचे, बिजागऱ्या किंवा पट्टे असतील ते वापरावेत. गाडीच्या तळाला मात्र नवी भोकं पाडू नयेत, खालून पेट्रोलची टाकी, नळ्या किंवा वायर जात असू शकतात. सीएनजी गाडीत टाकीचा व्हॉल्व्ह आणि गॅस बाहेर काढणारी नळी फळीखाली दाबली जाणार नाही आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पटकन पोहोचेल, एवढी जागा कापून ठेवावी.