दप्तरझडतीचे तर्कशास्त्र

नोव्हेंबर 2022 मध्ये बंगळुरूतल्या काही खासगी शाळांनी आठवी ते दहावीच्या मुलांची दप्तरे अचानक तपासली. मुले वर्गात मोबाइल आणतात अशा तक्रारी होत्या, म्हणून शाळाचालकांच्या 'कॅम्स' या संघटनेने तशी सूचना केली होती. मोबाइल सापडलेच, सोबत सिगारेटी, लायटर, व्हाइटनर, निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्याही निघाल्या. पालकांना बोलावणे गेले, मुलांना समुपदेशनासाठी रजा मिळाली. बातमी देशभर गाजली ती मोबाइल सोडून बाकीच्या वस्तूंमुळे. ज्या मोबाइलसाठी एवढा खटाटोप केला त्यावर मुले कुणाशी काय बोलतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

या झडतीमागे एक सर्वमान्य समजूत आहे: मूल फोनपासून जितके लांब, तितके सुरक्षित. शाळेने फोन रोखावा, सरकारने वयाची अट घालावी, आणि शिकवायचेच असेल तर वर्षातून एकदा सायबर पोलिसांचे व्याख्यान ठेवावे.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे 'शट' क्लिनिक याच शहरात, निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत, 2014 पासून चालते. तेव्हा दुखणे काल्पनिक नाही. सप्टेंबर 2023 मध्ये 'एक्स' कंपनीच्या अपिलावर सुनावणी चालू असताना, शाळकरी मुलांना समाजमाध्यमे बंद केली तर भलेच होईल, असे तोंडी मत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिले. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद करणारा कायदा अमलात आणला. शिकण्याला उपयोग होत असेल तेव्हाच शाळेत फोन असावा, असे युनेस्कोचा 2023 चा अहवालही सांगतो.

यातला एक मुद्दा मान्यच आहे. तास चालू असताना फोन बंद असावा. पण हा एकाग्रतेचा नियम झाला, सुरक्षेचा नव्हे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 30 शाळांतली 1,227 मुले अभ्यासली. फोनबंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दिवसभराचा एकूण वापरही बंदीने कमी झाला नव्हता. दप्तर तपासता येते. शाळा सुटल्यावरची संध्याकाळ तपासता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा दाखला देणारे त्या कायद्याचे अर्धेच रूप सांगतात. तिथे दंड होतो तो कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. शिवाय त्या देशाचे ई-सेफ्टी आयुक्तालय शिक्षकांसाठी वर्गात वापरायचे पाठ तयार करते. म्हणजे तिथे बंदीने शिक्षणाची जागा घेतलेली नाही. आपल्याकडे मात्र बंदीचा सगळा भार येऊन पडतो तो मुलावरच.

कर्नाटकाने बंदीचा एक प्रयोग करूनही पाहिला आहे. जून 2020 मध्ये सरकारने लहान इयत्तांचे ऑनलाइन वर्ग थांबवले. उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने 8 जुलैला त्या आदेशांना स्थगिती दिली. शिक्षणाच्या मूलभूत हक्कावर त्यामुळे प्रथमदर्शनी गदा येते, असे म्हटले. त्या काळात शाळा मोबाइलवर आली ती पुरती परत गेलीच नाही. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सूचना ग्रुपवर पडतात. जी शाळा स्वतःच मुलाच्या हाती फोन द्यायला लावते, तिने बंदी हेच सुरक्षेचे उत्तर मानावे, ही विसंगती आहे.

दुसरी समजूत अशी, की आजच्या मुलांना सगळे येतेच, मास्तरांनी त्यांना काय शिकवायचे? 'प्रथम' संस्थेचा 'असर 2024' अहवाल याला उत्तर देतो. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करणे 62 टक्क्यांना, आणि स्वतःचे खाते खासगी करणे जेमतेम 55 टक्क्यांना ठाऊक होते. अंगठा सराईत झाला म्हणजे समज आली, असे नाही.

राहिले पोलिसांचे व्याख्यान. अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिसहून 'डेअर' हा उपक्रम सुरू झाला. वर्दीतले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांपासून दूर राहायला सांगत. पुढे झालेल्या पाहण्यांत त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही, आणि अखेर नकार कसा द्यायचा याचा सराव करून घेणारा नवा अभ्यासक्रम आणावा लागला. सभागृहात चारशे मुलांना भीती घालून सवयी बदलत नाहीत, हा त्यातला धडा.

भीतीचा आणखी एक तोटा आहे. ज्या मुलीने घरच्यांना न सांगता खाते उघडले, तिला कुणी फोटोवरून धमकावू लागला तर ती सांगणार कुणाला? सांगितले तर आधी खाते उघडल्याबद्दल बोलणी बसतील. धमकावणाऱ्याचे सगळे बळ या गप्प बसण्यातच असते, आणि सरसकट बंदी ते वाढवते.

मग शिकवायचे काय? नवा विषय आणि नवी वही नको. नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीच्या शिक्षकाने फळ्यावर एकच प्रसंग लिहावा: वर्गातल्या मुलीचा बदललेला फोटो ग्रुपवर आला आहे, आता काय कराल? बहुतेक मुले 'डिलीट' म्हणतील. इथून पाठ सुरू होतो. पाठवणाऱ्याचे खाते, लिंक आणि वेळ नोंदवून ठेवायची, कारण तो पुरावा आहे. फोटो मात्र पुढे धाडायचा नाही, 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा नाही; मुलांचे अश्लील चित्र असेल तर ते पुढे पाठवणे हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हाच आहे. मग खाते रिपोर्ट करायचे, मोठ्या माणसाला सांगायचे, 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा 1930 या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करायचा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. भाषेच्या तासाला फसवा संदेश ओळखायला शिकवावे, संगणकाच्या तासाला प्रत्येकाने आपले खाते खासगी करून दाखवावे.

या पाठात बळी ठरणारे मूल जितके महत्त्वाचे, तितकाच त्या ग्रुपवर गंमत म्हणून हसणारा मुलगाही. मे 2020 मध्ये दिल्लीत उघड झालेल्या 'बॉइज लॉकर रूम' प्रकरणात मुलींचे फोटो फिरवून शेरेबाजी करणारे शाळकरी मुलगेच होते. बंदीचा विचार धोका नेहमी बाहेरून येतो असे धरून चालतो. इथे तो शेजारच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याला वळण लावणे हे शाळेचेच काम आहे.

शिक्षकांना प्रशिक्षण नाही, हा आक्षेप खरा आहे; पण त्याचा निष्कर्ष प्रशिक्षण द्या असा निघतो, शिकवू नका असा नाही. त्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकाला एक गोष्ट बिनखर्चात करता येईल. पहिल्याच पालकसभेत लेखी जाहीर करावे, की ऑनलाइन त्रासाची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला फोन किंवा खाते बाळगल्याबद्दल शिक्षा होणार नाही. ज्या शाळेला एवढे कबूल करवत नाही, तिची बंदी मुलांच्या भल्यासाठी नसून शाळेच्या अब्रूसाठी आहे, असे समजावे.