एका फ्रेंच खवय्याची मुशाफरी

राजांनीं काय जिंकलें हें बखरींतून सविस्तर सांपडतें. ते कोठें आणि काय जेवले हें मात्र बहुधा आचाऱ्यांच्या स्मरणावर सोडून दिलेलें असतें. झां आन्तेल्म ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशानें ही उणीव आपल्यापुरती तरी भरून काढली. घरीं, परगांवीं आणि परदेशीं आपण काय खाल्लें व कोणाच्या संगतीनें खाल्लें, याची आठवण त्यानें म्हातारपणापर्यंत जपून ठेवली.

१७५५ सालीं बेले या लहानशा गांवीं वकिलांच्या घराण्यांत तो जन्मला. वकिली, व्हायोलिन आणि सुग्रास भोजन हे त्याचे तीन नाद. १७८९ सालीं लोकांचा प्रतिनिधि म्हणून तो राष्ट्रीय सभेंत गेला, आणि देहान्तशिक्षा कायम ठेवावी या बाजूनें तेथें त्यानें भाषण केलें. हें भाषण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण थोड्याच वर्षांनीं तीच शिक्षा त्याच्या स्वतःच्या दाराशीं येऊन उभी राहिली.

त्या सुमारास पॅरिसमध्यें बाहेर जेवण्याची रीतच पालटत होती. पूर्वीं परक्या माणसाला खाणावळीच्या सामायिक मेजावर बसावें लागे. आपल्याकडील पंगतीप्रमाणें वेळ ठरलेली आणि पदार्थही ठरलेले. उशिरां येणाऱ्याच्या वांट्याला काय येई हें सांगावयास नकोच! 'रेस्तरां' हें मूळचें नांव एका शक्तिवर्धक रश्श्याचें. १७६० नंतरच्या दशकांत तो रस्सा विकणारीं दुकानें पॅरिसमध्यें निघालीं आणि हळूहळू रश्श्याचें नांव दुकानालाच चिकटलें. तेथें गिऱ्हाइकाला स्वतंत्र मेज मिळे, हवी ती वेळ साधतां येई, आणि पदार्थांपुढें दर मांडलेली यादी हातीं पडे. राज्यक्रांतीनें उमरावांचे आचारी बेकार झाले आणि त्यांतून हीं भोजनगृहें जन्मास आलीं, असें नेहमीं सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें. त्या आचाऱ्यांमुळें भोजनगृहांची संख्या वाढली एवढेंच. मूळ कल्पना क्रांतीपूर्वीचीच होती.

अशा गृहांपैकीं बोव्हिलिए याच्या घराचें ब्रिया-साव्हारँनें काढलेलें चित्र मोठें मार्मिक आहे. वीस वर्षांपूर्वीं एक-दोनदां येऊन गेलेलें गिऱ्हाईकही हा मालक ओळखी. जवळ येऊन तो हळूच सुचवी कीं हा पदार्थ घेऊं नका, तो अवश्य घ्या. तिसरा स्वतःच मागवी, आणि ज्या तळघराची किल्ली केवळ त्याच्यापाशीं असे तेथून दारू आणवी. जणूं काय यजमानच! पण हें यजमानपण क्षणभराचें असे. तो अंतर्धान पावला, कीं फुगलेल्या बिलाचा कागद पुढें येई आणि आपण पाहुणे नसून गिऱ्हाईक आहों हें जेवणाऱ्यास उमजे.

पुढें दहशतीचा काळ आला. बेलेचा नगराध्यक्ष झालेल्या ब्रिया-साव्हारँवर नेमस्तपणाचा आरोप आला. नेमस्तपणा हा त्या दिवसांत मरणाचा अपराध होता. अभयपत्र मिळवावें म्हणून तो घोड्यावरून ज्यूराच्या टेकड्यांतून दोल शहरीं प्रोत नांवाच्या सरकारी प्रतिनिधीकडे निघाला. अकराच्या सुमारास वाटेंतील एका खेड्याच्या सराईंत तो शिरला, तों भट्टीपुढें सळईवर लावे आणि एक ससा भाजला जात होता! तें सारें कांहीं कायदेपंडितांसाठीं आहे, असें मालकानें सांगितलें. त्यानें तात्काळ निरोप धाडला कीं, वर्गणी घ्या पण मला पंक्तीस घ्या. त्यांनीं घेतलें. मग खाणें, पिणें, गाणीं यांत दुपार गेली. डोक्यावर खड्ग टांगलेलें असतां हा मनुष्य लाव्यांच्या वासानें थांबला, ही गोष्ट कित्येकांना उथळपणाची वाटेल. परंतु जेवण न घेतल्यानें तें खड्ग दूर झालें असतें असेंही नाहीं.

दोलला प्रोतनें त्याच्याकडे संशयानें पाहिलें. नशीब एवढेंच कीं त्याची बायको संगीतवेडी होती. रात्रीच्या जेवणाला पाहुण्यानें तिच्याबरोबर गीतें गाइलीं, आणि निघतांना तिनें आश्वासन दिलें कीं कलेची अशी सेवा करणारा मनुष्य देशद्रोही असूं शकत नाहीं, तुमचें काम होईल. तें झालें. अर्थात् ही हकीकत त्यानें स्वतः, आणि तीही बऱ्याच वर्षांनंतर लिहिलेली आहे. तेव्हां त्यांत थोडें मीठ-मसाला असणें संभवनीय आहे.

अभयपत्र फार दिवस पुरलें नाहीं. मालमत्ता गमावून तो स्वित्झर्लंडांत, आणि तेथून अमेरिकेंत गेला. न्यूयॉर्कमध्यें फ्रेंच भाषेच्या शिकवण्या करून आणि नाटकगृहांत व्हायोलिन वाजवून त्यानें पोट भरलें. बोस्टनला झ्यूलिएँ नांवाच्या फ्रेंच उपाहारगृहवाल्यास त्यानें चीज घालून अंडीं करण्याची कृति शिकविली. तिला इतकें गिऱ्हाईक लागलें कीं झ्यूलिएँनें कृतज्ञतेनें हरणाची तंगडी पाठवून दिली. १७९४ च्या ऑक्टोबरांत हार्टफर्डजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरीं तो उतरला होता. शिकारींत त्यानें एक टर्की मारली. परततांना यजमानानें त्याला एकांतीं गांठून आपल्या स्वतंत्र देशाची, हलक्या करांची आणि स्वतःच्या जमिनींत पिकणाऱ्या सुखाची मनापासून थोरवी सांगितली. पाहुणा गंभीर मुद्रेनें विचारांत गढला होता. पण तो विचार टर्की कशी शिजवावी याचा होता, अशी कबुली त्यानेंच पुढें दिली. देश आणि घरदार दोन्ही तुटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचें व्याख्यान ऐकवत नसावें. टर्कीचा विचार त्यापेक्षां सोपा.

१७९६ सालीं तो मायदेशीं परतला आणि पुढें फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयांत मरेपर्यंत न्यायाधीश राहिला. या साऱ्या भोजनांचें सार असलेला त्याचा 'रुचीचें शरीरशास्त्र' हा ग्रंथ १८२५ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. त्यावर त्यानें आपलें नांव घातलें नव्हतें. पुढच्याच महिन्याच्या २१ तारखेला, सोळाव्या लुईच्या वधाच्या स्मृतिदिनीं, सर्दी झालेली असतांही तो सां-दनीच्या थंडगार देवळांत प्रार्थनेला गेला. तेथून तो न्यूमोनिया घेऊन परतला, आणि २ फेब्रुवारी १८२६ रोजीं वारला.