एका क्रीडाहंगामाची अखेर

खेळांतील हारजीत त्या दिवसापुरती असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी येतात आणि आठवड्यानें त्याही कोणाच्या ध्यानांत राहत नाहींत. परंतु एखाद्या समाजानें वर्षानुवर्षें दडपून ठेवलेला प्रश्न केव्हां केव्हां मैदानावरच येऊन उभा राहतो, आणि वडीलधाऱ्यांनीं टाळलेलें उत्तर देण्याचें काम विशीच्या आंतबाहेरच्या पोरांवर येऊन पडतें. १९६३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील दोन महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांवर असा प्रसंग आला. त्यांपैकीं एक संघ राष्ट्रविजेता ठरला, दुसरा वाटेंतच हरला. तथापि त्या हंगामाची गोष्ट सांगतांना आज दोघांचेंही नांव एकत्रच घ्यावें लागतें.

बास्केटबॉल हा खेळ फार जुना नव्हे. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, कडक हिवाळ्यांत बाहेर खेळतां न येणाऱ्या तरुणांसाठीं तो काढला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगून त्यांत चेंडू टाकावयाचा, एवढीच मूळ कल्पना. पुढें तो अमेरिकन महाविद्यालयांच्या जीवनाचा एक भागच होऊन बसला. हंगाम डिसेंबरांत सुरू व्हावयाचा आणि मार्चांत संपावयाचा. १९३९ पासून हंगामाच्या अखेरीस निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरूं लागली. १९६३ सालीं तींत २५ संघ होते. एक सामना हरला कीं विजेतेपदाची वाट बंद. म्हणून हिवाळाभर केलेल्या मेहनतीचा कस या दोन आठवड्यांत लागे. स्पर्धेंत नुसती जागा मिळणें हाच मोठा मान होता.

मिसिसिपी हें अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्य. त्याची जुनी श्रीमंती कापूस आणि गुलामगिरी यांवर उभी होती. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें गेली, परंतु गोऱ्यांच्या शाळा, खाणावळी, रुग्णालयें निराळीं आणि काळ्यांचीं निराळीं, ही व्यवस्था पुढें बहुतेक शंभर वर्षें टिकली. १९५४ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला; तेव्हां मिसिसिपीच्या सत्ताधाऱ्यांनीं आपलें कुंपण काढण्याऐवजीं अधिकच उंच केलें. त्या कुंपणाचा एक खांब खेळाच्या मैदानांतही रोवलेला होता. ज्या संघांत एकही काळा खेळाडू असेल त्याच्याशीं राज्यांतील गोऱ्या महाविद्यालयांनीं खेळावयाचें नाहीं, असा दंडक होता. हा दंडक कायद्याच्या कोणत्याही पुस्तकांत लिहिलेला नव्हता. परंतु महाविद्यालयांना पैसा विधिमंडळाकडून मिळे. त्यामुळें न लिहिलेला नियम लिहिलेल्याहूनही कसोशीनें पाळला जाई.

स्टार्कव्हिल येथील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संघाला या दंडकाची झळ तीनदां लागली. बेब मॅकार्थी यांच्या हाताखालीं तयार झालेल्या या संघानें १९५९, १९६१ आणि १९६२ या वर्षीं आपल्या विभागांत अग्रस्थान मिळविलें. १९५९ सालीं तर त्यानें २५ पैकीं २४ सामने जिंकले होते. विभागाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेंत जागा असे. पण तेथें काळ्या खेळाडूंशीं गांठ पडण्याचा संभव, म्हणून तिन्ही वेळां संघ घरीं राहिला आणि त्याच्या जागीं केंटकी विद्यापीठाचा संघ गेला. त्या वर्षांतील कित्येक मुलें पदवी घेऊन निघून गेलीं. आपण देशांतील उत्तम संघांच्या बरोबरीचे होतों कीं नव्हतों, हें त्यांना जन्मांत कळलें नाहीं. ज्यानें पीक काढलें त्याला तें मोजूंही द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार होता.

१९६३ सालीं तो संघ चौथ्यांदा अग्रस्थानीं आला. काळ मात्र पूर्वीपेक्षां अधिक कठीण होता. सहाच महिन्यांपूर्वीं, १९६२ च्या सप्टेंबरच्या अखेरीस, त्याच राज्यांतील ऑक्सफर्ड गांवच्या विद्यापीठांत जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोन माणसें प्राणांस मुकलीं होतीं. गव्हर्नर रॉस बार्नेट यांनीं स्वतः मेरेडिथची वाट अडविली होती. अशा वातावरणांत मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनीं मार्चच्या आरंभीं जाहीर केलें कीं, अधिकार असलेल्या कोणीं अडविलें नाहीं तर संघ या वेळीं स्पर्धेला जाईल. कोल्व्हार्ड मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे, शेतकीशास्त्राचे अभ्यासक. मुलांनीं मिळविलेलें त्यांना देणें हें आपलें कर्तव्य आहे, एवढाच साधा विचार त्यांनीं केला. विद्यार्थ्यांचा त्यांना भरपूर पाठिंबा होता. गव्हर्नरांनीं नापसंती दर्शविली. तरी राज्याच्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तमंडळानें ९ मार्च रोजीं मताधिक्यानें कोल्व्हार्ड यांची बाजू उचलून धरली.

विरोधकांचा शेवटचा उपाय न्यायालयाचा होता. १३ मार्च रोजीं विधिमंडळाच्या एका आजी व एका माजी सभासदानें, संघानें राज्याबाहेर जाऊं नये असा मनाईहुकूम मिळविला. मनाईहुकूम ज्याच्यावर बजावला जाईल त्यालाच बांधतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक होती. त्याच रात्रीं मॅकार्थी आणि क्रीडाविभागाचे प्रमुख मोटारीनें टेनेसी राज्यांतील मेम्फिस येथें गेले व तेथून नॅशव्हिल शहरीं पोंचले. कोल्व्हार्ड अलाबामा राज्यांत निघून गेले. हुकूम घेऊन अधिकारी स्टार्कव्हिलला आला, तेव्हां ज्यांच्यावर तो बजवावयाचा ते राज्याच्या हद्दींतच नव्हते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रथम राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठविण्यांत आलें. कोणी अडवीत नाहीं असें पाहून मग मुख्य खेळाडूंना बोलावून घेतलें आणि विमान निघालें. नॅशव्हिलला मॅकार्थी त्यांना मिळाले व सारा संघ उत्तरेकडे मिशिगन राज्यांतील ईस्ट लॅन्सिंग येथें गेला. तो मनाईहुकूम पुढें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांतून उठविण्यांतही आला. चोरट्यासारखे जावें लागलेले हे तरुण कसला गुन्हा करण्यास निघाले होते? केवळ चेंडू खेळण्यास.

ईस्ट लॅन्सिंगला त्यांची गांठ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशीं होती. मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज ज्या जेझुइट पंथानें १८६९ सालीं काढलें, त्याच पंथानें पुढच्याच वर्षीं शिकागोंत ही संस्था काढली. तिच्या संघाचे शिक्षक जॉर्ज आयर्लंड हे हट्टी स्वभावाचे गृहस्थ. उत्तरेकडे काळ्या खेळाडूंना बंदी नव्हती; पण एका वेळीं दोघां-तिघांहून अधिक काळे खेळाडू मैदानावर उतरवूं नयेत, असा एक अलिखित संकेत तेथेंही होता. आयर्लंड यांनीं तो मानला नाहीं. त्यांच्या पांच मुख्य खेळाडूंपैकीं कर्णधार जेरी हार्कनेस, रॉन मिलर, लेस हंटर आणि व्हिक राऊज हे चौघे काळे. पांचवा जॉन ईगन गोरा. हार्कनेस व मिलर न्यूयॉर्कचे, ईगन शिकागोचा, आणि हंटर व राऊज हे नॅशव्हिलचे. मिसिसिपीचे खेळाडू लपतछपत ज्या शहरीं आपल्या शिक्षकांना भेटले, त्याच शहरांतील काळ्यांसाठीं असलेल्या निराळ्या शाळेंत हे दोघे शिकलेले होते. गांवांतलें व्हँडरबिल्ट विद्यापीठ त्यांना संघांत घेणारें नव्हतें, म्हणून ते शिकागोला आले.

हंगामाच्या मध्यावर लोयोलाचे दोन राखीव खेळाडू अभ्यासांत मागें पडून अपात्र ठरले. तेव्हांपासून पांचच जणांवर बहुतेक सारा भार पडला. तरीही सामन्यागणिक सरासरीनें ९० हून अधिक गुण मिळविणारा असा हा चपळ संघ होता. दक्षिणेंत खेळावयास गेले असतां काळ्या खेळाडूंना बिऱ्हाड निराळें मिळे आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाव्या लागत. स्पर्धेच्या पहिल्या सामन्यांत त्यांनीं टेनेसी टेक या संघाचा १११–४२ असा फडशा पाडला. मिसिसिपीशीं सामना ठरल्यावर मात्र हार्कनेसला धमकीचीं पत्रें येऊं लागलीं. संकटाचा वाटा केवळ एकाच बाजूला नव्हता, हें ध्यानांत ठेवावयास पाहिजे.

१५ मार्च १९६३ च्या रात्रीं सामन्यापूर्वीं दोन्ही कर्णधार मैदानाच्या मध्यावर आले. मिसिसिपीचा जो डॅन गोल्ड यानें हात पुढें केला, हार्कनेसनें तो हातांत घेतला, आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा एकच लखलखाट झाला. आपण नुसता सामना खेळावयास आलों नाहीं, हें त्या क्षणीं उमगल्याचें हार्कनेसनें पुढें अनेकदां सांगितलें. खेळ सुरू होतांच मिसिसिपीनें ७–० अशी आघाडी घेतली. ते संथपणें, चेंडू हातांत राखून खेळत. लोयोलानें हळूहळू जम बसविला, आघाडी घेतली आणि ६१–५१ असा सामना जिंकला. मैदानावर मारामारी झाली नाहीं, अपशब्द झाले नाहींत. राज्याचे धुरीण ज्या अनर्थाची भीति घालीत होते, तो अनर्थ चाळीस मिनिटांच्या खेळांत कोठेंच दिसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या क्रमांकासाठीं मिसिसिपीनें बोलिंग ग्रीनच्या संघाचा ६५–६० असा पराभव केला. त्या संघांतही नेट थरमंड हा पुढें नामांकित झालेला काळा खेळाडू होता. याच बोलिंग ग्रीननें हंगामांत लोयोलाला हरविलें होतें. आपण कोणाच्या तोडीचे आहों या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें स्टार्कव्हिलच्या मुलांना अखेर मिळालें.

लोयोलानें पुढें इलिनॉय विद्यापीठाला ७९–६४ आणि ड्यूकला ९४–७५ असें हरविलें. २३ मार्च रोजीं लुईव्हिल येथें अंतिम सामना झाला. प्रतिपक्षीं सिनसिनाटीचा संघ होता. त्यानें १९६१ व १९६२ अशीं लागोपाठ दोन वर्षें विजेतेपद मिळविलें होतें आणि त्याचा बचाव अभेद्य समजला जाई. त्या दिवशीं प्रथम मैदानावर उतरलेल्या दहा खेळाडूंपैकीं सात काळे होते. अंतिम सामन्यांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. उत्तरार्धांत सिनसिनाटी ४५–३० असा पुढें गेला. हार्कनेसला तोंवर एकही टोपली साधली नव्हती. परंतु पांच खेळाडूंपैकीं एकालाही विसांवा न देतां लोयोला खेळत राहिला आणि अंतर तुटूं लागलें. शेवटच्या कांहीं सेकंदांत सिनसिनाटीच्या खेळाडूनें दंडाच्या दोन फेकींपैकीं एक साधली, दुसरी चुकविली. परतलेला चेंडू हंटरनें पकडला, तो मिलरकडून हार्कनेसकडे आला, आणि हार्कनेसनें धांवत जाऊन ५४–५४ अशी बरोबरी केली.

पांच मिनिटांचा जादा वेळ मिळाला. त्यांतही ५८–५८ अशी बरोबरी होऊन शेवटचा डाव लोयोलाच्या हातीं आला. हार्कनेसला नेम साधण्यास जागा मिळेना, म्हणून त्यानें चेंडू हंटरकडे दिला. हंटरची फेक हुकली. परंतु जाळ्याजवळ उभ्या असलेल्या राऊजनें उसळलेला चेंडू वरच्या वर पकडून आंत टाकला. ६०–५८. पांचही जणांनीं ४५ मिनिटें अखंड खेळून सामना जिंकला होता. ३१ सामन्यांत २९ विजय, आणि शेवटचा विजय राष्ट्राच्या अजिंक्यपदाचा.

एका सामन्यानें युगें बदलतात असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, १२ जून १९६३ रोजीं, मिसिसिपीच्या राजधानींत मेडगर एव्हर्स या काळ्या पुढाऱ्याची त्याच्या घराच्या दारांत हत्या झाली. शिवाय, स्टार्कव्हिलच्या तरुणांनीं जो हक्क बजावला तो गोऱ्या विद्यार्थ्यांचा होता; त्यांच्या विद्यापीठांत तेव्हां एकही काळा विद्यार्थी नव्हता. सार्वजनिक जागांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा कायदा १९६४ सालीं झाला, आणि १९६५ सालीं रिचर्ड होम्स हा पहिला काळा विद्यार्थी मिसिसिपी स्टेटमध्यें दाखल झाला. कोल्व्हार्ड तेव्हां त्याच पदावर होते, आणि ऑक्सफर्डला झाली तशी दंगल तेथें झाली नाहीं. नॅशव्हिलच्या ज्या शाळेनें हंटर व राऊज यांना वाढविलें, तिचाच पेरी वॉलेस हा विद्यार्थी पुढें व्हँडरबिल्टमध्यें शिरला आणि १९६७ सालीं दक्षिणेच्या त्या विभागांत बास्केटबॉल खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. सात वर्षांपूर्वीं ज्या दारावरून दोघांना परतावें लागलें, तें दार तिसऱ्यासाठीं उघडलें.

मोठे कायदे मोठ्या चळवळींनीं होतात. त्यांसाठीं रक्त सांडावें लागतें. परंतु कायदा होण्यापूर्वीं कोणीतरी हें दाखवून द्यावें लागतें कीं, ज्या गोष्टीचा एवढा बाऊ केला जातो ती केल्यानें आकाश कोसळत नाहीं. त्या मार्चमध्यें हें काम एका विद्यापीठाच्या अध्यक्षानें, दोन शिक्षकांनीं आणि थोड्या खेळाडूंनीं केलें. गोल्ड आणि हार्कनेस यांची पुढें मैत्री जडली. २०११ सालीं गोल्ड मरण पावला तेव्हां हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. शवपेटीजवळ कुटुंबीयांनीं त्या हस्तांदोलनाचें छायाचित्र ठेवलें होतें. गोल्डच्या नांवावर त्या सामन्यांतील पराभवच लागलेला आहे. तरी त्याच्या घरच्यांना जपून ठेवावासा वाटला तो क्षण कोणत्याही विजयाचा नव्हे, त्या सामन्याच्या आरंभाचा होता.